हया आड येत नाही

गर्भाशय काढण्याआधी डॉक्टर रक्त, साखर, खर्च सगळं बोलतात. नवरा-बायकोच्या संबंधांवर मात्र बहुतेक जण गप्प. साधारण सहा आठवडे संबंध टाळायचे. दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो, कोरडेपणा येतो, त्यावर औषध आहे. गर्भाशय गेलं म्हणून बाईपण जात नाही. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात.

‘तुमच्या बायका लाजतात’ ही सबब आहे. हजरत उम्मे सुलैम यांनी खुद्द पैगंबरांना (स.) विचारलं होतं, स्त्रीला स्वप्नदोष झाला तर गुस्ल करावा लागतो का? त्यांना सरळ उत्तर मिळालं.

डॉक्टरांनी बाईशी एकटीशी बोलावं. आणि बहिणींनो, सही करण्याआधी विचारा.