चांद्याचा बर्फ

गेल्या पालकसभेच्या वेळीं एका सद्गृहस्थांनीं मजजवळ तक्रार केली कीं, वर्गांत खडकांचें वय कोट्यवधि वर्षें सांगितल्यानें मुलांच्या मनांत पवित्र शास्त्राविषयीं किंतु उत्पन्न होतो. मोठमोठे धोंडे दूरदूर वाहून गेले ते नोहाच्या जलप्रलयांत, एवढें शिकविलें म्हणजे पुरे. त्यांची कळकळ मला मान्य आहे. त्यांचें अनुमान मान्य नाहीं.

चंद्रपूर, म्हणजे जुनें चांदा, येथला उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्याच जिल्ह्यांत इराई येथें एका प्राचीन चुनखडकाच्या गुळगुळीत पाठीवर समांतर ओरखडे उमटलेले आहेत, व त्यावर धोंडे, गोटे व माती यांचा मिश्र थर बसला आहे. ओरिसांतील तालचेर येथें असाच थर पाहून ब्लॅनफर्ड बंधूंनीं १८५६ सालीं हें बर्फाचें कार्य होय असें सांगितलें. उष्ण देशांत बर्फ! ही गोष्ट सहजासहजीं पटण्यासारखी नव्हतीच. पण विचार करा. पुराचें पाणी धोंड्यांस गडबडवितें व त्यांचे कोपरे झिजवितें. वेग मंदावला म्हणजे जड तें आधीं खालीं टाकतें, हलकें तें मागून. बर्फ मात्र धोंडा मुठींत धरल्याप्रमाणें घट्ट धरून तळाच्या खडकावर ओढीत नेतो, आणि वितळतांच लहानमोठें सारें एकत्रच सोडतो.

दुसरी साक्ष रसायनशास्त्राची, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. ऊन व पाऊस विपुल असलेल्या प्रदेशांत खडकांतील फेल्डस्पार नांवाचें खनिज कुजून त्याची माती होते. त्यांतील चुना, सोडा व पोटॅश पाण्याबरोबर निघून जातात आणि अॅल्युमिना मागें उरतो. आमच्या कोंकणांतील जांभा हें याचेंच टोकाचें उदाहरण. नेस्बिट व यंग या शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं ह्या कुजण्याचें एक माप ठरविलें: ताज्या खडकाचा अंक सुमारें ५०, पूर्ण कुजलेल्याचा १०० च्या जवळपास. तालचेर थरांतील फेल्डस्पार पुष्कळ अंशीं ताजाच आहे. म्हणजे खडक दळला गेला, पण कुजला नाहीं. त्याच्या वरच्या थरांत दगडी कोळसा सांपडतो, अर्थात् पुढें थंडी ओसरून तेथें दाट वनें वाढलीं. हें सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीचें. त्या काळीं आपली भूमि दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती, हेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर विद्यार्थी साऱ्या थंडीचें खापर हवेवरच फोडतील.

ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड हे दीक्षित धर्मोपदेशक. १८२३ सालीं त्यांनीं गुहांतील गाळ जलप्रलयाचा म्हणून ग्रंथ लिहिला. १८४० सालीं आगासीझसमवेत स्कॉटलंडांतील ओरखडे पाहून आपलें मत उघडपणें बदललें, आणि पुढें वेस्टमिन्स्टरचे डीन झाले. त्यांच्या उपासनेंत त्यामुळें खंड पडला नाहीं.

आमच्या कपाटांत जांभ्याचा एक तुकडा आहे, आणि ताज्या फेल्डस्पारचाहि एक. त्या सद्गृहस्थांनीं पुढील सभेस थोडें आधीं यावें, व दोन्ही दगड स्वतः हातीं घेऊन पाहावे.