पंख तिचे, मोटर कुणाची?

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की घराघरांत एकच धांदल उडते. पुठ्ठा, थर्माकोल, फेव्हिकॉल, रंग... आणि शेवटच्या दोन दिवसांत "अहो, येताना तेवढी मोटर आणा हो!" कापणं, चिकटवणं, रंगवणं मुलीकडे आणि विजेचं काम बाबांकडे, काकांकडे किंवा दादाकडे. ही वाटणी कुणी बोलून दाखवत नाही, पण ती ठरलेली असते. उडणाऱ्या विमानाचं मॉडेल असेल तर मला ती फारच खटकते. कारण विमान उडणार की आपटणार, हे पुष्कळसं मोटर निवडतानाच ठरतं.

महिला मंडळाच्या कामानिमित्त राहुरी तालुक्यातल्या एका घरी माझं जाणं-येणं आहे. तिथल्या नववीतल्या मुलीनं सनबोर्ड कापून मीटरभर पंखांचं विमान केलं. इतकं देखणं की बघत राहावं! काका शहरात गेले, तर दुकानदार म्हणाला, "मोठीच घ्या, ताकद राहील." मोठी मोटर आली, म्हणून मोठी बॅटरी आली. अर्ध्या किलोत बसायचं ते विमान किलोच्या पुढं गेलं, नाक जड झालं आणि दोनदा सरळ ढेकळांत घुसलं. त्यातून रिमोट होता चुलतभावाच्या हातात! आजी म्हणाल्या, "पोरीच्या जातीला कशाला ती विजेची झंझट?" मी मुलीला विचारलं, "मोटर घेताना तुला कुणी विचारलं का गं?" तिनं नुसती मान हलवली. नाही.

मैत्रिणींनो, मिक्सर, गिरणी, इस्त्री दिवसभर हाताळणाऱ्या घरातल्या बाईला आणि मुलीलाच विजेचं कळत नाही, हे कुणी ठरवलं? विमानाच्या मोटरचा हिशेब आपल्या महिन्याच्या हिशेबाहून अवघड नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे, एवढंच त्याचं सूत्र.

इथं अंथरूण म्हणजे वजन. मोटर, बॅटरी सगळं धरून विमान किती भरेल, ते आधी ठरवायचं. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याला पुरे. संथ उडणाऱ्या, शिकाऊ विमानाला किलोमागे साधारण १०० ते १५० वॅट लागतात; कोलांट्या मारायच्या असतील तर २०० च्या पुढं. म्हणजे अर्ध्या किलोच्या विमानाला ७५ वॅट झाले. आपला छताचा जुना पंखा साधारण तेवढीच वीज खातो. मग "मोठीच घ्या" कशासाठी?

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची असते. तिच्यावर ७५ वॅट हवे तर सुमारे ७ अँपिअर लागतील. मोटरवर 'केव्ही' असा आकडा असतो. एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, ते तो सांगतो. १००० केव्हीची मोटर या बॅटरीवर बिनलोडाची सुमारे ११ हजार फेरे घेते. जास्त केव्हीला लहान पंखा आणि कमी केव्हीला मोठा, ही जोडी जुळवावी लागते. या मोटरला आठ इंची पंखा ठीक चालतो. जोर वाढावा म्हणून कुणी दहा इंची लावला, तर ती कितीतरी जास्त करंट ओढते. विहिरीवरच्या मोटरला झेपेना असा लोड आला की वायंडिंग जळतं, हे आपल्याकडच्या शेतकरणीला काय वेगळं सांगायचं? वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलरही मोटर ओढेल त्याहून थोड्या जास्त अँपिअरचा घ्यावा.

बॅटरीचं म्हणाल, तर टाकी केवढी आणि नळ किती जाड, हे दोन्ही बघायचं. १००० मिलीअँपिअर-तास ही झाली टाकी. त्यापुढचा २०सी म्हणजे नळ. त्यातून २० अँपिअरपर्यंत वीज घेता येते. ७ अँपिअरनं ही टाकी साडेआठ मिनिटांत रिकामी होईल. पण टाकी कोरडी करायची नसते. पाचवा हिस्सा शिल्लक ठेवला, तर पूर्ण वेगात सहा-सात मिनिटं मिळतात. जास्त वेळ हवा म्हणून दुप्पट बॅटरी लावली तर वजन वाढतं, आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून!

आयांनी धाक दाखवायचा तो इथं दाखवावा. ही बॅटरी पेट घेऊ शकते. तिचाच बॅलन्स चार्जर वापरावा. १००० ची बॅटरी १ अँपिअरनंच चार्ज करावी. गादीवर नाही, गॅसजवळ नाही, फरशीवर ठेवून आणि कुणीतरी समोर बसून. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. घरात मोटर तपासताना पुढचा पंखा काढून ठेवावा, तो बोटं कापतो. आणि उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा बघावी. नगर शहराला लष्करी हद्द लागून आहे, तिथं हौस नको.

"एवढं शिकून पुढं काय?" असंही विचारलं जातं. आपल्या नगरच्याच व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा 'निशांत' या मानवरहित विमानासाठी देशात बनवलेल्या वँकेल इंजिनात वाटा होता. ते इंजिन २००९ साली उडालं. केंद्र सरकारनं २०२३ साली 'नमो ड्रोन दीदी' योजना आणली आणि १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरवलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात ड्रोन चालवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं आहे. औषधाची टाकी भरल्यावर बॅटरी किती मिनिटं पुरेल, हा तिथला प्रश्न तरी वेगळा कुठं आहे? वजन, वॅट आणि मिनिटं! आज नववीत ज्या मुलीनं हा हिशेब स्वतः केला, ती उद्या ड्रोन विकणाऱ्याला चार नेमके प्रश्न विचारील. जिला कुणी विचारलंच नाही, ती सांगतील तिथं सही करील.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. काकांनी, दादांनी मदत जरूर करावी, पण दुकानात मुलीला सोबत न्यावं. कागदावर वजन, वॅट आणि अँपिअर तिनं लिहावेत आणि दुकानदाराशी तिनंच बोलावं. सोल्डरिंगची गन तिच्या हातात द्यावी. चटका बसला तर बसू दे, पोळी लाटायला शिकताना बसतोच की! शाळांमधल्या बाईंनी आणि सरांनीही परीक्षण करताना "हे कुणी रंगवलं?" असं न विचारता "ही मोटर कशी निवडलीस?" असं विचारावं. आणि पहिल्या उड्डाणाला रिमोट, जिनं विमान बनवलं तिच्याच हातात असावा. पडलं तर पडू दे. का पडलं, ते ती शोधून काढील.