कार्श्याचा हव्यास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ निंदित देह वर्णिले आहेत. त्यांत अतिकृष्णाबरोबर अतिगौर येतो, अतिस्थूलाबरोबर अतिकृशही येतो. स्थौल्यापेक्षा कार्श्य बरे, असे तेथेच म्हटले आहे खरे. परंतु ती तुलना दोन विकृतींमधील आहे.

याचे स्मरण देण्यास कारण आहे. तुमसर-साकोलीकडून आमच्याकडे येणाऱ्या, प्रमाणात वजन असलेल्या मुलीही हल्ली ‘बारीक होण्याचे औषध’ मागतात. मोबाईलवर कुणा अनोळखी तरुणीचे छायाचित्र दाखवतात. भूक मारलेली, निद्रा उडालेली, मन खिन्न. आणि तक्रार मात्र मेदाची!

शरीराविषयी वाईट वाटते तेव्हा इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाटते, असे ३२ टक्के किशोरींनी सांगितल्याचे फेसबुक कंपनीच्याच अंतर्गत संशोधनात आढळले होते. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०२१ साली ते उघड केले.

कंपनीस दोष देणे सोपे आहे. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे आपल्यातीलच काही वैद्य व औषधविक्रेते प्रसृत करतात, त्याचे काय? आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश आहे, हे त्यांस ठाऊक नसेल असे आम्हास वाटत नाही. कायदा क्षणभर बाजूस ठेवू. जिला बृंहणाची गरज आहे तिला लेखन द्रव्ये देणे कोणत्या शास्त्रात बसते?

वैद्यांनी अशा मुलीचे वजन व उंची मोजावी. आहार, निद्रा, आर्तव विचारावे, आणि अशी छायाचित्रे ती दिवसातून किती वेळ पाहते हेही. विक्रेत्यांनी मेदोहर गुग्गुळाची डबी त्यानंतरच, वैद्यांची चिठ्ठी पाहून, फळीवरून काढावी.