ड्रोन विकण्याआधी आभाळाचा नकाशा पाहावा

अमरावती आणि अकोल्याच्या बाजारात ड्रोन ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. लग्नाचे शूटिंग करणारे छायाचित्रकार, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे दुकानदार, खेळणी विकणारे आणि दुरुस्तीची कामे करणारे कारागीर, या सर्वांचा तिच्याशी संबंध येऊ लागला आहे. या धंद्यांत आपल्या समाजाची अनेक कुटुंबे आहेत. गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा दोन प्रश्न हमखास विचारते : किंमत काय आणि बॅटरी किती वेळ चालते? हे यंत्र उडवायचे कुठे, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच तर ‘गच्चीवरून उडवा, कोण पाहतो’ असे उत्तर मिळते. आमच्या मते हे उत्तर धंद्याला घातक आहे. ड्रोन विकणाऱ्याला आणि भाड्याने देणाऱ्याला आभाळाचा नकाशा वाचता आलाच पाहिजे, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम २०२१’ जाहीर केले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला देशाच्या आकाशाचा नकाशा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर खुला झाला. नकाशात तीन रंग आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत, उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही. हा नकाशा पाहायला फी नाही, नाव नोंदवावे लागत नाही, की कोणा दलालाची गरज नाही. मोबाइलवर आपले गाव शोधावे आणि त्यावर कोणता रंग आहे ते पाहावे, इतके ते सोपे आहे. मात्र नकाशा वेळोवेळी बदलतो. म्हणून तो एकदा पाहून भागत नाही, प्रत्येक उड्डाणाच्या आधी पाहावा लागतो.

नकाशा कसा बदलतो याचे उदाहरण शोधायला वऱ्हाडाबाहेर जाण्याची गरज नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबईहून प्रवासी विमान तेथे उतरले. शहराच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती. व्यापाऱ्यांची मागणीही जुनी होती. परंतु चालू विमानतळ आला की त्याच्याभोवतीचे आभाळ पूर्वीसारखे मोकळे राहत नाही. नियम असा आहे की, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६० मीटरपर्यंत, मोकळीक असते. त्यावरची उंची पिवळ्यात जाते. ८ किलोमीटरच्या आत तर परवानगीवाचून यंत्र जमिनीवरून उचलण्याचा विचारच करू नये. तो भाग पिवळा आहे की लाल, हे नकाशा सांगतो.

आता आपल्या वस्त्या कुठे येतात ते पाहा. बडनेरा बेलोऱ्याच्या अगदी जवळ आहे. सरळ रेषेत अंतर पाच-सहा किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत लग्नाच्या मांडवावर ड्रोन फिरवणे हा परवानगीचा विषय झाला. अमरावती शहराचा मध्यभाग बारा ते चौदा किलोमीटरच्या घरात येतो. याचा अर्थ असा की, पट्ट्याची सीमा शहराच्या अंगावरूनच जाते. एका मोहल्ल्यात ४०० फूट चालतील आणि दुसऱ्या मोहल्ल्यात २०० फुटांवर थांबावे लागेल. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे अंतर विमानतळाच्या हद्दीपासून आणि सरळ रेषेत मोजतात. मोटारसायकलच्या काट्यावर रस्त्याचे अंतर जास्त दिसते. त्यावर विसंबून ‘आपण बाराच्या पलीकडे आहोत’ असे मानणारा माणूस प्रत्यक्षात अलीकडे असू शकतो.

अकोल्याची गोष्ट वेगळी आहे. शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, ब्रिटिश काळातली. तिच्या विस्ताराचा प्रश्न कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षे अडकून पडला आणि नियमित प्रवासी विमानसेवा काही सुरू झाली नाही. त्यामुळे ‘शिवणीला विमानच येत नाही, मग अडचण कसली?’ असे बोलले जाते. हा युक्तिवाद पोलीस ठाण्यात टिकत नाही. प्रवासी विमान येत नसले तरी विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा आहे, आणि अकोला शहराचा बहुतेक भाग तेथून आठ किलोमीटरच्या आत येतो. ताजनापेठ असो की अकोट फैल, तेथील दुकानदाराने रिकामी धावपट्टी पाहून अंदाज बांधू नये. नकाशा उघडून रंग पाहावा.

मोकळे आभाळ हवे असेल तर दोन्ही शहरांना ते उपलब्ध आहे. अमरावतीहून वलगाव, चांदूर बाजारच्या दिशेने गेले की बेलोऱ्यापासूनचे अंतर वाढत जाते. अकोल्याहून बाळापूर किंवा अकोटच्या बाजूला गेले की शिवणी मागे पडते. मूर्तिजापूर तर दोन्ही विमानतळांपासून तीस किलोमीटरपेक्षा दूर आहे. मात्र या बाजूंनाही इतर बंधने आहेत. बाळापूर तालुक्यात पारसचे औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच्या आसपास यंत्र नेऊ नये. चिखलदऱ्याला फिरायला जाणारे तरुण ड्रोन सोबत घेतात, पण तो सारा मुलूख मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा आहे. तेथे वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा लागू असून वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवणे महागात पडते. अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्यालाही अभयारण्याचे क्षेत्र लागून आहे. किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याचे नियम वेगळे आहेत.

नकाशाइतकेच महत्त्वाचे आहेत स्थानिक आदेश. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करू शकतो. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश निघतात. पूर्वी ज्याला आपण १४४ म्हणत होतो तेच हे कलम आहे. मोठ्या नेत्याचा दौरा, निवडणूक, मिरवणूक किंवा सीमेवरील तणाव असा प्रसंग आला की असे आदेश निघतात. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तर अकोल्यात जिल्हा पोलीस अधीक्षक आहेत. म्हणजे दोन्हीकडे विचारण्याचे दार वेगळे आहे. सुपारी घेतलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी त्या दारी चौकशी करण्यास अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवण्याच्या नादात यंत्र जप्त झाले तर हंगामाची कमाई जाते, आणि गिऱ्हाइकाचे लग्न बिनचित्रणाचे राहते ते निराळेच.

आता हौस आणि धंदा यांतला फरक. आपल्या लोकांची सर्वांत मोठी गल्लत येथे होते. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नियमांत ‘नॅनो’ म्हटले आहे. तो उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’ ठरतो. तो हौसेसाठी उडवला तर प्रमाणपत्राची गरज नाही, पण पैसे घेऊन उडवला तर आहे. म्हणजे तोच तरुण, तेच यंत्र आणि तेच शेत असले तरी रविवारी मौजेने उडवले तर एक नियम आणि सोमवारी वलीम्याच्या शूटिंगची रक्कम घेतली तर दुसरा. हे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून मिळते. वय १८ ते ६५ आणि शिक्षण दहावी उत्तीर्ण एवढीच मूळ अट आहे. दहावीनंतर शाळा सोडून कॅमेरा हाती घेतलेल्या आपल्या अनेक मुलांना ही अट पुरी करता येते. मग ते मागे का राहतात? प्रशिक्षणाचा खर्च जड जातो हे आम्हांला मान्य आहे. पण यंत्राला हजारो रुपये घालणाऱ्याने ते कायदेशीरपणे चालवण्यासाठीही पैसे बाजूला ठेवायला हवेत.

यंत्राची नोंदणीही आहे. डीजीसीएकडे नोंद करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि त्याची सरकारी फी १०० रुपये आहे. पूर्वी त्यासाठी पासपोर्टची अट आडवी येत असे. ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीने मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवाना चालेल असे झाले. नॅनो सोडून इतर ड्रोनला त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा हवा. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दुसरे कायदे मोडले असतील तर त्यांची शिक्षा वेगळी.

दुकानदारांसाठी आणखी एक इशारा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर केंद्राने बंदी घातली आहे. तयार यंत्र असो की सुटे करून आणलेले, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद आहेत. सुट्या भागांच्या आयातीला मात्र मोकळीक आहे. त्यामुळे स्वस्तात मिळतो म्हणून बिलाशिवायचा परदेशी माल मांडणारा दुकानदार स्वतःचे भांडवल धोक्यात घालतो आणि गिऱ्हाइकालाही अडचणीत आणतो. मालातला दोष लपवून विकू नये ही शिकवण आपल्याला कोणी नव्याने देण्याची गरज नाही. ज्या वस्तूची नोंदणी होऊ शकत नाही ती नोंदणीयोग्य म्हणून विकणे, हादेखील दोष लपवणेच होय. याउलट मोटर, पंखे, बॅटरी यांच्या दुरुस्तीत कसबी हातांना उजळ माथ्याने काम मिळू शकते. कपाशी आणि सोयाबीनवर फवारणी करणारे ड्रोन शेतांत येऊ लागले आहेत. ते दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावी लागणारच आहे.

कायद्याच्या पलीकडे शेजारधर्म म्हणूनही काही आहे. आभाळ हिरवे असले तरी खालचे अंगण कोणाचे तरी असते. महिलांच्या मांडवावर, शेजाऱ्याच्या गच्चीवर कॅमेरा नेण्याचा हक्क हिरवा रंग देत नाही. शिवाय २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड या जिल्ह्यांतील खेड्यांत रात्रीच्या ड्रोनमुळे कशी घबराट पसरली होती हे वाचकांना आठवत असेल. अफवेच्या दिवसांत संशय प्रथम कोणावर जातो, हे आपल्या तरुणांना सांगण्याची गरज नाही. अशा वेळी नोंदणीचा कागद, प्रमाणपत्र आणि उड्डाणाआधी नकाशाचे टिपलेले चित्र खिशात असणे, हेच खरे संरक्षण आहे. ओळखीपाळखीने एखाद वेळ सुटका होते, पण दर वेळी ओळख कामाला येत नाही.

तथापि सगळा भार व्यापाऱ्यावर टाकणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. संकेतस्थळाची भाषा सामान्य माणसाची नाही. बेलोरा सुरू झाल्याने शहराच्या आभाळाची सीमा बदलते, तर ती कुठून जाते हे घरोघर कळायला हवे. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्याचा नकाशा मराठी आणि उर्दूत छापून पोलीस ठाण्यांत व पंचायत समित्यांत लावावा. मनाई आदेश निघाला की छायाचित्रकारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांना त्याच दिवशी कळवावे. हौशी मुलांसाठी हिरव्या भागातले एक मैदान प्रत्येक जिल्ह्यात ठरवून द्यावे. क्रिकेटला मैदान देता येते तर याला का नाही?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने ड्रोनविषयीच्या नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. म्हणजे आज सांगितलेले आकडे पुढेही तेच राहतील असे धरून चालू नये. पण पाहण्याची सवय एकदा लागली की बदल आपोआप कळतो. आमची सूचना साधी आहे. ड्रोन विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर त्याच्या गावचा नकाशा उघडून दाखवावा आणि मगच बिल फाडावे. यात दहा मिनिटे जातील, पण ते गिऱ्हाईक पुढच्या खेपेला बॅटरी घ्यायला त्याच दुकानात येईल.