आयफोनवाल्यांची निष्ठा आणि आपली हजेरी

सध्या एक प्रश्न बाजारात फिरतोय. दहा-पंधरा हजारांचा अँड्रॉइड फोन आयफोनच्या निष्ठावंतांना फोडू शकेल काय? विचारणारे बहुतेक पांढरपेशे. त्यांना वाटतं हा कॅमेऱ्याचा, बॅटरीचा हिशोब आहे. मी गोदीत ओझी उचलतो. गाव माझं माणदेशात, आजोळ विट्याकडं. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आणि सांगलीच्या विश्रामबागेत जे डोळ्यांनी बघतो त्यावरून सांगतो, हा प्रश्न फोनचा नाहीच. निष्ठा कशावर आहे त्याचा आहे.

निष्ठा दोन जातींची असते. एक कामावरची, दुसरी खुणेवरची.

आमच्या बापाच्या पिढीनं नोकिया ११०० वापरला. २००३ साली आलेला. टॉर्च होता, धूळ आत जात नव्हती. रात्री लाईट आल्यावर मोटार चालू करायला निघालेला शेतकरी आणि रात्रपाळीचा हमाल, दोघं त्याच उजेडात चालले. ‘नोकियाबिगर दुसरा धरायचा न्हाय’ म्हणणारे पैशाला पासरी होते. मग मायक्रोमॅक्स-कार्बनचे स्वस्त अँड्रॉइड आले, २०१४च्या जुलैत शाओमी आली, २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं. सगळे निष्ठावंत बघता बघता उठून गेले. कुणी रडलं नाही. त्यांची निष्ठा कामावर होती, आणि त्याच पैशात नवा फोन जास्त काम करत होता.

दुसरीकडं ब्लॅकबेरी. साहेब लोकांचा फोन. त्या साहेबांना काय स्वस्त अँड्रॉइडनं फोडलं? ते आयफोनवर गेले. आयफोन भारतात आला २००८च्या ऑगस्टात, ८ जीबीचा ३१,००० रुपयांना. खूण बदलली, साहेब तोच राहिला.

आता आयफोनच तपासू. आमच्या विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलीत. गलाईवाला दागिन्यावरचं पेढीचं नाव वाचत बसत नाही. मुशीत टाकतो, आटवतो, कस बघतो. तसा आयफोन मुशीत टाका. सोनं निघतं, खोटं कशाला बोला? २०१५चा आयफोन ६एस २०२१चं आयओएस १५ चालवत होता. त्या काळात आपला स्वस्त अँड्रॉइड वर्ष-दोन वर्षांत अपडेटविना पोरका व्हायचा. जुना विकायला गेलं तर आयफोनला पैसे येतात, अँड्रॉइडला दुकानदार नाक मुरडतो. हे खरं आहे. पण राखही निघते. २०१७च्या डिसेंबरात ॲपलनं कबूल केलं, की बॅटरी थकलेले जुने आयफोन ती स्वतःच हळू करत होती. आणि २०२४मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी ए१६ ५जी काढला, वीस हजारांच्या आतला, तर त्याला सहा वर्षं अपडेट द्यायचा शब्द दिला. म्हणजे आयफोनच्या कसातला मोठा भाग आता स्वस्तातही मिळू लागलाय.

मग माणूस आयफोनला धरून का बसतो? अमेरिकेत त्याला कुंपण आहे. तिथं आयफोनवरून आयफोनला गेलेला मेसेज निळा, अँड्रॉइडशी बोललेला हिरवा. हिरव्या पोराला ग्रुपमध्ये घ्यायला पोरं कुरकुरतात. २०२१ साली एपिक कंपनीनं ॲपलवर केलेल्या खटल्यात ॲपलच्या साहेबांचे जुने ईमेल कोर्टासमोर आले. एका साहेबाच्या लिहिण्याचा मतलब असा, की आयमेसेज अँड्रॉइडवर दिलं तर आयफोनवाल्या घरातली पोरं अँड्रॉइड वापरायला मोकळी होतील. रंगावरून पंगत वेगळी बसवायची ही विद्या आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण आपल्याकडं हे कुंपण नाही. आपलं सगळं गाव व्हॉट्सॲपवर. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा पाणी किती चढलं, कुठल्या गल्लीत बोट आली, हे माणसं फोनवरच एकमेकांना कळवत होती. त्या दिवशी एकच प्रतवारी होती, चार्जिंग असलेला फोन आणि बंद पडलेला फोन. यूपीआय २०१६ साली आलं, तेही दोन्हीकडं सारखंच चालतं. भाजीवालीच्या गाडीवरचा कोड तुमचा फोन कुठला ते विचारत नाही.

कुंपण नाही, कामात फरक थोडा. तरी सातारा-सांगलीत उलटीच वाहतूक चालू आहे. आयफोनवाला अँड्रॉइडवर येत नाही, अँड्रॉइडवालं पोरगं सेकंड हॅन्ड आयफोनवर चाललंय. दुकानात जाऊन बघा. पोरगं आयफोन ११ हातात घेतं. पहिला प्रश्न, ‘बॅटरी हेल्थ किती?’ दुसरा, ‘हप्ता बसंल का?’ मागची काच तडकलेली असते, मग कव्हर असं निवडायचं की सफरचंद तेवढं उघडं राहावं. आरशासमोर फोटो काढताना फोनमागं तोंड झाकलं तरी चालतं, सफरचंद दिसलं पाहिजे. ह्या पोराला तुम्ही दुप्पट रॅम दाखवा, पाच हजारांची बॅटरी दाखवा. त्याला ते कळतं. त्याला ते नको आहे. स्वस्त फोनचा दोष त्याच्या लेखी एकच, तो स्वस्त आहे. आणि हा दोष कुठल्याही कंपनीला दुरुस्त करता येत नाही.

माझा हिशोब हजेरीचा. हजेरी ७०० रुपये. २०२५च्या सप्टेंबरात आयफोन १७ आला तो ८२,९०० रुपयांपासून. म्हणजे ११८ हजेऱ्या. न जेवता, भाडं न भरता, घरी रुपया न धाडता. बारा हजारांचा अँड्रॉइड १७ हजेऱ्यांत बसतो. गोदीत आमचे अंगठे घासून गुळगुळीत झालेत, फिंगरप्रिंट कुठलाच फोन धड ओळखत नाही. तिथं महागाचाही माज उतरतो.

पण म्हणून मी आपल्या पोरांना झोडपणार नाही. तो धंदा गावच्या पाटलांनी आणि शहरातल्या शहाण्यांनी आधीच घेतलाय. त्यांच्या पोराच्या हातात आयफोन असला की ती प्रगती. आपल्या पोराच्या हातात असला की ‘ह्यांना कुठनं आला?’ १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, की अस्पृश्यपणा ओळखू येणारे दागिने टाकून द्या, लुगडं वरच्या म्हणवणाऱ्या बायांसारखं नेसा. अंगावरची खूण हा चैनीचा मामला नव्हता, माणूसपणाचा होता. म्हणून पोरगं भारी फोन मागतं तेव्हा ते काय मागतंय हे मला नीट कळतं. त्याला दुकानात, कॉलेजात, स्टँडवर कुणी खालून वर न्याहाळू नये असं वाटतंय.

फरक एवढाच, की महाडला गुलामीची खूण उतरवायची होती. इथं दुसऱ्यानं ठरवलेली खूण हप्त्यानं विकत घ्यायची आहे. आणि ती खूण दर सप्टेंबरात बदलते. तुम्ही ११ चे हप्ते फेडून होईपर्यंत समोरचा १७ काढतो. ही शर्यत जिंकता येऊ नये अशीच आखलेली आहे.

शिवाय खूण वाचवते काय? २०१५च्या मे महिन्यात शिर्डीत आपल्या एका तरण्या पोराला ठार मारलं. कारण काय, तर मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. मारणाऱ्यांना फोनच्या किमतीशी देणंघेणं नव्हतं. फोनमधून काय वाजतंय ते त्यांना खुपलं.

आणि हो, स्वस्त अँड्रॉइडलाही मी हार घालत नाही. २०१८ साली शाओमीच्या मालकानं जाहीर केलं, की यंत्रावर ५ टक्क्यांच्या वर नफा घेणार नाही. मग पैसा कुठून काढणार? जाहिरातीतून, तुमच्या नजरेतून. माझ्या फोनवर भर कामात कर्ज घ्या म्हणून पाटी येते, कंपनीचं नाव सोडा. करणाऱ्या हातांचं म्हणाल तर दोन्हीकडं तेच. २०२०च्या १२ डिसेंबरला कोलारजवळ नरसापुऱ्याच्या विस्ट्रॉन कारखान्यात आयफोन जुळवणाऱ्या कामगारांनी तुंबलेल्या, कापलेल्या पगारापायी मोडतोड केली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात श्रीपेरंबुदूरच्या फॉक्सकॉनमधल्या पोरींना वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली, तेव्हा त्यांनी हमरस्ता अडवला. त्याच फॉक्सकॉननं २०१५ पासून आंध्रात शाओमीचेही फोन जुळवले. आयफोन जुळवणारी पोरगी स्वतः कुठला फोन वापरते, हे ह्या निष्ठावंतांनी कधी विचारलंय?

तेव्हा माझं उत्तर घ्या. कामासाठी आयफोन घेतलेला माणूस फुटेल. अपडेट सहा वर्षं मिळतात हे त्याला पटलं की तो हिशोब करील आणि येईल. खुणेसाठी घेतलेला कधीच येणार नाही, आणि त्यानं यावं म्हणून आपण डोकं शिणवायचं कारण नाही. कंपन्या शिणवतील.

आपण आपलं बघू. फोन घ्यायला जाल तेव्हा गलाईवाल्यासारखे जा. किती वर्षं अपडेट देणार? स्क्रीन फुटली तर आपल्या तालुक्याच्या गावाला बदलून मिळते का, आणि कितीला? हप्ता संपेपर्यंत एकूण किती हजेऱ्या जाणार? उत्तरं पटली तर खुशाल आयफोन घ्या, कुणाच्या बापाची भीती नाही. नाही पटली तर अँड्रॉइड घ्या, आणि तो चौकात उघड्यावर काढा, मान वर करून. उरलेल्या शंभर हजेऱ्यांत धाकट्या बहिणीची फी भरून होते.