सूत घरचं, सुया घरच्या

देवापुढच्या वाती तुम्ही घरीच वळता ना? मग मैत्रिणींनो, सूत कातायला तुम्हांला निम्मं येतंच आहे. कापूस चिमटीत धरायचा, हलकेच ओढायचा, पीळ द्यायचा आणि तुटू द्यायचा नाही. वात वीतभर झाली की आपण थांबतो, सुताला तोच पीळ न थांबता द्यायचा, एवढाच काय तो फरक. आमचं प्रकाशा तापीकाठचं, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. श्रावणात इथं घरोघरी वातींचे ढीग पडतात. पण त्याच कापसाचं सूत काढून विणावं, असं सहसा कोणाच्या मनात येत नाही.

विणायला लोकरच हवी का, असं एका वाचक भगिनीनं विचारलं आहे. थंडीत उबेला लोकरीसारखं दुसरं काही नाही, हे खरंच. पण बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे कारखान्यातल्या धाग्याचे असतात. खानदेशातला उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. घामेजलेल्या बाळाच्या अंगाला सुतासारखं सुख नाही.

आणि हे काही आजचं खूळ नव्हे. १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी आमच्या गावचं टेकाड खणलं, तेव्हा ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर निघाले. त्याच युगातल्या नेवाशाच्या वस्तीत तांब्याच्या मण्यांच्या माळेचा दोरा मिळाला, तीन हजार वर्षांहून जुना. त्यात कापूस होता आणि रेशीमही! अलीकडच्या काळात गांधीजींना चरखा शोधून दिला तोही एका बाईनंच. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत त्यांना गंगाबेन मजमुदार भेटल्या. गंगाबेननी पुष्कळ भटकून बडोदे संस्थानातल्या विजापुरात चरखे हुडकले. बायकांनी ते अडगळीत टाकले होते. पेळू मिळत असतील आणि सूत विकत घेणारं कोणी असेल तर पुन्हा कातू, असं त्यांचं म्हणणं पडलं. शहाण्या होत्या! फुकटचं कौतुक घेऊन काय करायचं?

आमच्या घरी टकळी आली ती सासूबाईंमुळे. मामंजी गेल्यावर त्या ओसरीवर भिंतीकडे बघत बसायच्या. विचारलं तर हो-नाही, एवढंच बोलणं. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात आला, तेव्हा कोणी न सांगता त्या एकेका बोंडातली सरकी काढत बसू लागल्या. एके दिवशी म्हणाल्या, “शाळेत आम्हांला टकळीचा तास होता.” मी शाळेत तासिकेवर शिकवते, पण आमच्या वेळापत्रकात असा तास कधीच नव्हता. खादी भांडारातून टकळी आणून दिली. पहिल्या दुपारी सूत दहादा तुटलं, आणि दहाव्या वेळी त्या चक्क हसल्या. आता शेजारच्या आजी वाकून विचारतात, “काय करी ऱ्हायनी व माय?” आणि तास तास गप्पा चालतात.

सूत तर झालं. पण एकेरी सूत तसंच विणायला घेऊ नका. त्यात पीळ एकाच बाजूचा असतो. तो उलगडायला बघतो, आणि विणलेला चौकोन पतंगासारखा तिरका होतो. त्यावर उपाय जुनाच आहे. जानव्याचा दोरा कसा तिपेडी करतात? तसंच आपणही करायचं. दोन गुंडे दोन वाट्यांत ठेवा म्हणजे घरभर पळणार नाहीत. दोन्ही टोकं एकत्र टकळीला लावा आणि कातताना फिरवली त्याच्या उलट दिशेनं टकळी फिरवा. पुरेसा पीळ बसला का हे कसं ओळखाल? हातभर दोरा दुमडून लोंबता सोडा. सरळ लोंबला तर ठीक, गुंडाळला तर पीळ एका बाजूचा जास्त झालाय. पीळ बेताचा होणं यातच सगळी गोम आहे.

मग खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा आणि धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. कच्च्या कापसाला नैसर्गिक मेण असतं, म्हणून तो पाणी पीत नाही. उकळल्यावर पाणी चहासारखं होतं, घाबरू नका. मेण गेलं की तेच सूत पाणी टिपायला लागतं.

सुताला लोकरीसारखी ओढ नसते, ताणलं की ते ताणलेलंच राहतं. म्हणून अंगाला १० नंबरची सुई असेल तर एक सुलट एक उलट बॉर्डरीला १२ नंबरची, म्हणजे बारीक घ्या. वीस टाक्यांचा नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच माप काढा, कारण सूत आटतं. आणि पहिल्याच फटक्यात झबल्याला हात घालू नका. चाळीस टाक्यांचा, सगळ्या ओळी सुलट असा अंघोळीचा रुमाल करा. त्याच्या कडा वळत नाहीत.

यात पैसे वाचतात का? नाही. रुमालाएवढ्या सुताला आम्हां दोघींच्या पंधरा दुपारी गेल्या. मला मात्र त्या दुपारी स्वयंपाक आणि वह्या यांच्यामध्ये सापडलेल्या हक्काच्या वाटल्या, हिशेब काहीही सांगो.

सध्या पुतण्याच्या बाळासाठी टोपडं सुईवर आहे. सासूबाईंच्या सुताच्या बारीक गाठी त्यात जागोजागी दिसतात. अजून एक गुंडा कमी पडतोय, आणि तो कातून होईपर्यंत बाळाचं डोकं काही वाढायचं थांबणार नाही. म्हणून आठ टाके आधीच जास्त घालून ठेवलेत.