रंगाचं पाप गोळीनं फिटत नाही

उंदरांना टार्ट्राझीनसारखा खाद्यरंग किंवा पदार्थ टिकवणारं सोडियम बेंझोएट चारायचं आणि यकृताची नासाडी मोजायची. मग दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीनं क किंवा ई जीवनसत्त्व देऊन ती नासाडी घटल्याचं दाखवायचं. या धर्तीचे शोधनिबंध मुबलक आहेत आणि त्यांतले आकडे खोटे आहेत असं कुणी म्हणत नाही. रक्तातली वाढलेली एएलटी, एएसटी ही विकरं खरोखरच उतरतात. आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या सोयीस्कर अर्थाला: रंगीत, टिकाऊ काहीही खुशाल खा, वर एक अँटिऑक्सिडंट गोळी घ्या.

मुळात उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो. माणसाला ते जमत नाही. दोघांचं गणित एकच धरणं इथंच फसतं.

‘बटर यलो’ची गोष्ट याहून बोलकी आहे. लोण्याला, मार्गरीनला पिवळेपणा देणाऱ्या या रंगानं उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो, हे १९३०च्या दशकात जपानमध्ये किनोसिता यांनी दाखवलं. १९४१ साली अमेरिकेत केन्सलर, सुगिउरा आणि ऱ्होड्स यांना आढळलं की आहारात रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) आणि केसीन हे दुधातलं प्रथिन दिलं, तर हा कर्करोग अंशतः रोखता येतो. म्हणजे जीवनसत्त्वानं यकृत वाचल्याचा पुरावा हाती होता. तरीही लोण्यात रायबोफ्लेविन मिसळून तो रंग चालू ठेवला गेला नाही. रंगच हद्दपार झाला.

माणसांवरच्या चाचण्यांतही एक बाजू गोळीच्या पारड्यात पडते. २०१०च्या ‘पिव्हन्स’ चाचणीत मेदयुक्त यकृतदाहाच्या, मधुमेह नसलेल्या ४३ टक्के रुग्णांना ई जीवनसत्त्वानं सुधारणा दिसली. नुसत्या दिखाऊ गोळीनं १९ टक्क्यांना. पण ते निदान झालेल्या आजारावरचे डॉक्टरी उपचार होते, भेळभत्त्यावरचा उतारा नव्हे. उलट ‘सिलेक्ट’ चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक तर थेट यकृतालाच बाधतो.

मग जीवनसत्त्वाचा उपयोग कुठं? पदार्थ पोटात जाण्याआधी. मांस टिकवायला घातलेल्या नायट्राइटपासून घातक नायट्रोसमाइन बनण्याची क्रिया क जीवनसत्त्व अडवतं, हे कळल्यावर अमेरिकेनं १९७८ साली बेकनमध्ये नायट्राइटसोबत ॲस्कॉर्बेट किंवा एरिथॉर्बेट घालणं सक्तीचं केलं. तिथं जबाबदारी उत्पादकावर होती, खाणाऱ्यावर नव्हे.

आपल्याकडे नियम आहेतच. परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजके आहेत, त्यांना प्रमाणाची मर्यादा आहे आणि हळदीत, मिठाईत सापडणारा मेटॅनिल यलो त्या यादीतच नाही. २०२४ साली म्हापशाच्या नगरपालिकेनं गोबी मंचुरियनवर बंदी घातली, कर्नाटकानं त्यातल्या कृत्रिम रंगांवर. अख्खा पदार्थ बंद करणं टोकाचं वाटेल; पण दोन्ही निर्णयांचा रोख रंग वापरणाऱ्यावर होता, आणि तो तिथंच हवा. आवळा, पेरू जरूर खावेत, पण भेसळ पचवायला म्हणून नव्हे. ती पकडायला नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि निरीक्षक वाढवावे लागतील.